कार्ड मागवण्याआधी कॅबिनेट उघडा

नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलं की महिनाभर व्हिडिओ बघून होतात, किमती ताडून होतात, घरच्यांना पटवून होतं. ते कार्ड आपल्या कॅबिनेटात, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यात, मावेल का, हा प्रश्न मात्र पार्सल हातात पडल्यावर सुचतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आसपास राहणाऱ्याला हे एक वेळ परवडेल. तो संध्याकाळी दुकानात जाऊन हुज्जत घालेल आणि बदलून आणेल. आपल्याकडे पणजी, मडगाव, म्हापशातली दुकानं खपणारी चार मॉडेलं ठेवतात आणि बाकीचं मुंबई किंवा बंगळूरहून मागवून देतात. सील फोडलेला बॉक्स परत घ्यायला कुणीच राजी नसतं. तेव्हा पैसे भरण्याआधी अर्धा तास काढून कॅबिनेटची बाजूची झडप उघडावी हे बरं.

उघडायची कारण कॅबिनेटच्या माहितीत ‘जीपीयू क्लिअरन्स’ किंवा ‘कमाल कार्ड लांबी’ म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो बहुधा कॅबिनेट कारखान्यातून निघालं तेव्हाचा असतो. त्यानंतर तुम्ही आत पंखे लावलेत, कूलर बसवलात, हार्ड डिस्क अडकवलीत. शिवाय तो आकडा एकाच दिशेचा. कार्डाला लांबी असते तशी उंची आणि जाडीही असते, आणि त्याच्या डोक्यातून एक केबलही निघते.

आधी कार्डाचं पूर्ण नाव

“आरटीएक्स ४०६० माझ्या कॅबिनेटात बसेल का?” या प्रश्नाला उत्तर नाही. ४०६० हे चिपचं नाव. एनव्हिडिया चिप देते आणि तिच्याभोवती सर्किट, पंखे आणि धातूच्या पात्यांचा कूलर लावून कार्ड तयार करतात एमएसआय, गिगाबाइट, असूस, झोटॅक अशा कंपन्या. त्यामुळे तीच चिप वेगवेगळ्या आकारांत मिळते. एमएसआयचं दोन पंख्यांचं व्हेंटस २एक्स हे ४०६० कार्ड १९९ मिमी लांब आहे. गिगाबाइटचं तीन पंख्यांचं गेमिंग ओसी २८१ मिमी. चिप एकच, आणि लांबीत ८२ मिमीचा, म्हणजे सव्वातीन इंचांचा फरक. ४०६० ही ११५ वॅटची थंड प्रकृतीची चिप आहे, तिला तिसरा पंखा लागतोच असं नाही. मोठा कूलर आवाज थोडा कमी करतो, हे खरं. पण जागा नसताना त्याचा हट्ट धरण्यात मतलब नाही.

वरच्या वर्गात तर मापं हाताबाहेर जातात. एनव्हिडियाचं स्वतःचं आरटीएक्स ४०९० फाउंडर्स एडिशन ३०४ मिमी लांब, १३७ मिमी उंच आणि ६१ मिमी जाड आहे. असूसचं आरओजी स्ट्रिक्स ४०९० त्याहून थोराड: लांबी ३५७.६, उंची १४९.३, जाडी ७०.१ मिमी.

मापं बघायची ती कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर, नेमक्या मॉडेलच्या पानावर. खरेदीच्या साइटवर ‘प्रॉडक्ट डायमेन्शन्स’ म्हणून पुष्कळदा खोक्याची मापं दिलेली असतात आणि ती वाचून माणूस उगाच घाबरतो. दुसरा घोळ असा की एक कंपनी जिला ‘हाइट’ म्हणते तिला दुसरी ‘विड्थ’ म्हणते. नावांकडे बघूच नका. तीन आकड्यांतला सर्वांत मोठा तो लांबी, सर्वांत लहान ती जाडी, मधला तो उंची. हे गणित जवळपास प्रत्येक कार्डाला लागू पडतं.

लांबी

कॉम्प्युटर बंद करा, मागचा एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, खटका बंद करा, प्लग काढा आणि कॅबिनेट आडवं झोपवा, मदरबोर्ड वर तोंड करून. आता कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, जिथे कार्डाची पट्टी स्क्रूने बसते, तिथल्या पत्र्याच्या आतल्या अंगापासून पुढे सरळ जा आणि वाटेत पहिली जी वस्तू आडवी येईल तिथपर्यंत मोजा. ती वस्तू पंखा असेल, लिक्विड कूलरचा रेडिएटर (पाणी थंड करणारी जाळी) असेल, जुन्या कॅबिनेटात हार्ड डिस्कचा पिंजरा असेल. मोजायचं ते कार्डाच्या रेषेत. चार बोटं वर किंवा खाली मोजलंत तर आकडा वेगळाच येतो, कारण पिंजरा पुष्कळदा अर्ध्या उंचीपर्यंतच असतो.

आत जुनं कार्ड असेल तर काम आणखी सोपं. ते काढू नका. त्याची लांबी कंपनीच्या साइटवरून घ्या, त्याच्या टोकापासून पुढच्या अडथळ्यापर्यंतचं अंतर मोजा आणि बेरीज करा.

माप घ्यायला शाळेची स्टीलची फूटपट्टी उत्तम. सुताराचा टेप वापरणार असाल तर त्याच्या टोकाचा हुक थोडा हलतो हे ध्यानात घ्या. तो बिघडलेला नसतो. आतून आणि बाहेरून माप घेताना हुकाच्या स्वतःच्या जाडीचा हिशोब सुटावा म्हणून मुद्दाम तसा ठेवलेला असतो. पण टोक नीट टेकलं नाही तर मिलिमीटर-दीड मिलिमीटर इकडेतिकडे होतो, आणि इथे तेवढ्यावरही अडू शकतं.

फार्मागुडीला इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा तीन पंख्यांचं ते २८१ मिमीचं कार्ड कार्टमध्ये टाकून बसला होता. त्याच्या कॅबिनेटच्या पानावर ३३० मिमी लिहिलेलं.

“मामा, एकोणपन्नास मिलिमीटर उरतात मरे! मोजायचं काय त्यात?”

“प्रोसेसरचा लिक्विड कूलर कुठे लावलायस?”

“पुढे.”

“मग ते ३३० विसर. पट्टी घेऊन ये.”

पुढच्या बाजूला लावलेल्या रेडिएटरची जाडी साधारण २७ मिमी असते, त्यावरच्या पंख्याची २५. मिळून ५२. ३३० मधून ५२ गेले, राहिले २७८. कार्ड २८१. पट्टीनेही तेच सांगितलं. तीन मिलिमीटरसाठी गाडी अडली, आणि पत्रा काही तीन मिलिमीटर ताणला जात नाही.

सुदैवाने त्याच्या कॅबिनेटात पुढचा जाळीचा दर्शनी भाग आणि आतली लोखंडी चौकट यांच्यामध्ये पंखा मावेल एवढी पोकळी होती. पंखे चौकटीच्या बाहेरच्या अंगाला, रेडिएटर आतल्या अंगाला असं लावलं की आतली जागा फक्त २७ मिमी खाल्ली जाते. मग ३०३ उरतात आणि २८१ चं कार्ड आरामात बसतं. ही सोय सगळ्या कॅबिनेटांत नसते. दर्शनी भाग ओढून काढून बघावं लागतं. रेडिएटरच्या दोन टोकांना पाण्याच्या टाक्या असतात आणि एका टोकाने जाड नळ्या बाहेर येतात. त्या नळ्या नेमक्या कार्डाच्या रेषेत वळत असतील तर २७ चा हिशोबही कोसळतो.

कंपन्यांच्या आकड्यांबद्दल एक राग आहेच. काही जण कमाल लांबी पुढचा पंखा धरून देतात, काही न धरता. एखादा भला माणूस दोन्ही देतो. जिथे स्पष्ट लिहिलेलं नाही तिथे पंखा धरलेला नाही असं समजून २५ मिमी वजा करावेत.

केबल आणि बाजूची काच

लांबीबद्दल सगळे बोलतात. माझ्या मते जास्त माणसं फसतात ती उंचीत. उंची म्हणजे मदरबोर्डपासून बाजूच्या झडपेकडे, म्हणजे काचेकडे, येणारं माप. पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड ज्यात बसतं त्या स्लॉटच्या) मानकाप्रमाणे पूर्ण उंचीचं कार्ड साधारण १११ मिमीचं. आजची बहुतेक गेमिंग कार्डं ही रेघ ओलांडून १२० ते १५० पर्यंत गेली आहेत. आणि विजेची जोडणी बहुधा याच वरच्या कडेला असते, म्हणजे केबल काचेच्या दिशेने बाहेर येते. तिला वळायला जागा हवी.

जुनी ६ पिनची किंवा ८ पिनची केबल असेल तर तीनेक सेंटीमीटर धरून चालतं. नव्या, मोठ्या कार्डांवरची १६ पिनची जोडणी मात्र नाजूक बाब आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आरटीएक्स ४०९० बाजारात आल्यावर काही दिवसांतच हे कनेक्टर वितळल्याचे फोटो फिरू लागले. एनव्हिडियाचं म्हणणं पडलं की मुख्य कारण प्लग पूर्ण आत न बसणं हे होतं. पुढे कनेक्टरची रचनाही सुधारली गेली, आत्ताच्या रूपाला १२व्ही-२एक्स६ म्हणतात. पण सल्ला कायम आहे: प्लग टक्कन बसेपर्यंत दाबा आणि कनेक्टरपासून पहिले ३५ मिमी केबल सरळ ठेवा, त्यानंतर वळवा. आता हिशोब करा. १४० मिमी उंचीचं कार्ड आणि वर ३५ म्हणजे १७५. पुष्कळ मध्यम कॅबिनेटांत एवढी खोली नसते. काच लावताना केबल दाबली जाते, दाबली की प्लग एका बाजूने उचलला जातो, आणि ज्याची भीती तेच होतं. काच बंद करायला गुडघा लावावा लागत असेल तर तिथेच थांबा.

ही उंची मोजायची युक्ती अशी. कॅबिनेट आडवंच असू द्या. झडप जिथे टेकते त्या दोन काठांवर एक लांब पट्टी आडवी ठेवा. ती पट्टी म्हणजे बंद काच असं समजायचं. तिच्यापासून खाली जुन्या कार्डाच्या कडेपर्यंत किती अंतर आहे ते बघा. जुन्या कार्डाची उंची त्यात मिळवली की नव्या कार्डाची आणि त्याच्या केबलची मिळून मर्यादा कळते.

केबलच्या वळणाचा हा त्रास कंपन्यांनाही कळलेला दिसतो. २०२४ मध्ये एनव्हिडियाने लहान कॅबिनेटांसाठी जी मार्गदर्शक मापं ठरवली, त्यात कार्डाची लांबी ३०४, जाडी ५० आणि उंची १५१ मिमीपर्यंत आहे, आणि त्या १५१ मध्ये केबलचं वळण धरलेलं आहे. खोक्यावर किंवा साइटवर ‘एसएफएफ रेडी’ (एसएफएफ म्हणजे स्मॉल फॉर्म फॅक्टर, लहान आकार) असं लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ हा.

जाडी

कॅबिनेटच्या मागे एकाखाली एक आडव्या पट्ट्या दिसतात, तो एकेक स्लॉट. दोन स्लॉटांमधलं अंतर ठरलेलं आहे, २०.३२ मिमी. म्हणून ४१ मिमीच्या आसपासचं कार्ड दोन स्लॉटचं. ५० मिमीचं कार्ड ‘अडीच स्लॉट’ म्हणून विकतात. त्याची पट्टी मागे दोनच जागा घेते, पण अंग तिसऱ्यात शिरतं. अर्धा स्लॉट रिकामा राहतो म्हणून काही उपयोग नाही, तिसरा गेला तो गेलाच. फुल साइझ एटीएक्स कॅबिनेटाला असे सात स्लॉट असतात, मायक्रो एटीएक्सला चार, मिनी आयटीएक्सला बहुधा दोन. तुमच्या मदरबोर्डचा लांब स्लॉट कितव्या ओळीत आहे ते बघा आणि तिथून खाली किती पट्ट्या उरतात ते मोजा.

मावलं म्हणजे झालं असंही नाही. कार्डाचे पंखे खालच्या बाजूने हवा ओढतात. पंख्यांखाली लगेच एसएमपीएसचं झाकण आलं तर कार्ड बसेल, पण गुदमरेल. मे महिन्यात फोंड्याच्या बंद खोलीत याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. निदान एक स्लॉटभर, म्हणजे वीसेक मिलिमीटर, मोकळी हवा सोडावी.

जाड कार्डाखाली मदरबोर्डवरच्या बारीकसारीक गोष्टीही दडपल्या जातात. खालच्या काठावर पुढच्या यूएसबीची आणि पॉवर बटणाची वायर लागलेली असते. साटाची, म्हणजे हार्ड डिस्कची केबल लावायची, तोंडं काही बोर्डांवर आडवी असतात, काहींवर उभी. उभी असतील आणि कार्ड लांब असेल तर तिथली केबल कार्डाला भिडते. मदरबोर्डवरच सपाट बसणारी एम.२ एसएसडी (माहिती साठवणारी पट्टी) तर बहुधा कार्डाच्या खालीच राहते. ती बदलायची असेल तर आत्ताच, कार्ड बसवण्याआधी.

आत जाणार कसं

कपाट खोलीत मावतं पण दारातून वळत नाही, तसंच इथे होतं. २८१ मिमीचं कार्ड २८३ मिमीच्या जागेत कागदावर बसतं. प्रत्यक्षात ते तिरकं आत घालावं लागतं, मागची पट्टी आधी खाचेत सरकवून मग पुढचं टोक खाली करावं लागतं, आणि तिरपी रेघ सरळ रेघेपेक्षा जास्त जागा मागते. शिवाय कंपनीने सांगितलेल्या लांबीत मागची पत्र्याची पट्टी धरली आहे की नाही हे प्रत्येक वेळी स्पष्ट नसतं. या सगळ्यासाठी दहा ते पंधरा मिलिमीटर हातचे ठेवावेत.

खात्री करायची असेल तर पुठ्ठ्याचं कार्ड बनवा. लांबी आणि उंचीच्या मापाचा तुकडा कापा आणि जाडी येण्यासाठी मागे थर्माकोल चिकटवा. चवथीच्या मखराचं उरलेलं माळ्यावर कुठेतरी असेलच. जुनं कार्ड काढून हे सोंग आत घालून बघा. कुठे अडतं ते लगेच दिसतं, आणि पुठ्ठा दुमडला म्हणून कुणाचं नुकसान होत नाही.

मागच्या पट्ट्या काढताना जपून. स्वस्त कॅबिनेटांत त्या स्क्रूच्या नसतात, वाकवून वाकवून तोडायच्या असतात, आणि तुटलेली कड ब्लेडसारखी असते. समुद्राजवळच्या घरांत, मिरामारला किंवा कळंगुटला, खारट हवेने तिथले स्क्रू गंजून घट्ट झालेले असतात. बरोबर मापाचा स्क्रूड्रायव्हर घेऊन आधी जोर देऊन दाबा आणि मग फिरवा. आत गंज सोडवणारा तेलाचा स्प्रे मारू नका.

ऑफिसातून आलेली सडपातळ डबडी

हॉटेलं आणि ऑफिसं जुने डेस्कटॉप काढून टाकतात तेव्हा डेल, एचपी, लेनोवोचे ते चपटे डबे स्वस्तात मिळतात, आणि पोरांना त्यात गेमिंगचं कार्ड टाकायचं असतं. इथे सगळंच वेगळं. पूर्ण उंचीचं कार्ड आत उभंच राहत नाही. ‘लो प्रोफाइल’ कार्ड लागतं, ज्याची मागची पट्टी साधारण ८० मिमीची असते. जाडीलाही पुष्कळदा एक किंवा फार तर दोनच स्लॉट मिळतात. एसएमपीएसला कार्डासाठीची वेगळी केबल नसतेच. त्यामुळे फक्त स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर चालणारं कार्ड शोधावं लागतं. जीटीएक्स १६५० आणि ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० यांची तशी मॉडेलं निघालेली आहेत. साटाच्या प्लगला अडॅप्टर लावून कार्डाला वीज पुरवण्याचा उद्योग मात्र करू नका. साटाचा प्लग १२ व्होल्टवर ५४ वॅटपुरता बनवलेला असतो, आणि ८ पिनचं कार्ड तिथून १५० पर्यंत मागू शकतं.

विजेचं बोलतोच आहोत तर यूपीएसकडेही बघा. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा, म्हणजे ३६० वॅटच्या आसपासचा. जोरदार पावसात वीज गेली आणि त्या क्षणी नवं कार्ड पूर्ण भरात असेल तर तो दोन शिट्ट्या मारून बंद पडू शकतो.

मापात बसत नसेल तर

पहिला आणि स्वस्त उपाय म्हणजे त्याच चिपचं आखूड मॉडेल. वेगात पडणारा फरक एवढा किरकोळ असतो की खेळताना कळत नाही. दुसरा, हार्ड डिस्कचा पिंजरा काढणं. स्क्रूवर असेल तर दहा मिनिटांचं काम, रिव्हेटने ठोकलेला असेल तर ड्रिल लागेल, आणि तेव्हा मदरबोर्ड आधी बाहेर काढायचा. लोखंडाचा कीस आत पडला तर शॉर्ट होतो. तिसरा, पुढचा रेडिएटर वर छताला हलवणं. त्यासाठी रॅमच्या काड्या आणि मदरबोर्डच्या वरच्या कडेचे हीटसिंक (उष्णता सोडणारे धातूचे ठोकळे) आड येत नाहीत ना ते पुन्हा मोजावं लागतं.

रायझर केबल (स्लॉट आणि कार्ड यांना जोडणारी चपटी केबल) लावून कार्ड काचेसमोर उभं करण्याची टूम आहे. दिसतं झकास. पण पंखे काचेला चिकटले तर हवा कुठून येणार, आणि जुनी रायझर केबल नव्या कार्डाबरोबर लावल्यावर पडदा काळा राहण्याचे प्रकार होतात. बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन स्लॉटची पिढी (पीसीआय एक्सप्रेसची आवृत्ती) एक पायरी खाली आणली की बहुधा चित्र दिसतं. लांबीची अडचण मात्र याने सुटत नाही.

हे सगळं करूनही बसत नसेल तर कॅबिनेट बदला. चाळीस हजारांच्या कार्डासाठी चार हजारांचं कॅबिनेट घ्यायला लोक का कचरतात कोण जाणे. ते स्थानिक दुकानात, डोळ्यांदेखत घ्यावं. पट्टी खिशात ठेवा आणि दुकानदाराला झडप उघडायला सांगा.